बेचाळीस नंबरची बाटली

उत्तरेश्वर बप्पांना कुणी राम राम घातला, तर ते लगेच उत्तर देत नसत. आधी त्या माणसाच्या तोंडाकडे बघत, मग हातातल्या पिशवीकडे, मग त्याच्या मागं आणखी कोण उभं आहे ते बघत. एवढं करूनही काही सापडलं नाही, तर नाइलाज झाल्यासारखं म्हणत, "राम राम. काय काम काढलं?" काम काहीच नाही, सहज घातला, असं कुणी म्हणालं की बप्पांचा संशय पक्का होई. सहज कुणी काही करतं यावर त्यांचा विश्वास नव्हता.

आमच्या उमापूरच्या दूध सोसायटीत ते टेस्टर होते आणि मी सेक्रेटरी. माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. उंच, वाळलेले, डोक्यावर टोपी, सदऱ्याला आतून शिवून घेतलेला चोरखिसा. डोळे बारीक करून बघायची सवय इतकी जुनी, की डोळ्यांच्या कोपऱ्यांना कायमच्या घड्या पडल्या होत्या. गावानं त्यांचं नाव लॅक्टोमीटर ठेवलं होतं. हे नाव त्यांना माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं, असा मला संशय आहे. त्यांच्याजवळ बारा वर्षं बसल्यावर थोडाफार संशय अंगाला लागतोच.

दूध आलं की बप्पा आधी नाक लावत. मग डाव्या अंगठ्याच्या नखावर एक थेंब ठेवून उजेडाकडे धरत. थेंब जागेवर बसला तर ठीक, ओघळला तर पुढची चौकशी. त्यानंतर दुधात लॅक्टोमीटर बुडवून पाणी किती ते बघायचं, त्यानंतर काचेच्या नळीत दूध आणि ॲसिड घालून, यंत्रात गरगर फिरवून फॅट काढायची. दुधात कोण पाणी घालतं, ते लपवायला कोण वरून साखर घालतं, कोण मीठ घालतं, कोण पीठ कालवतं, हे त्यांना पाठ होतं. पिठाचा वास आला की ते टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकत. दूध निळं पडलं की बप्पांचा चेहरा उजळे. मुलगा पास झाला तेव्हाही मी त्यांना इतकं खूश बघितलं नाही.

ज्या सालाबद्दल मी सांगतोय, त्या साली मोठा दुष्काळ होता. जनावरं छावणीत, माणसं टँकरच्या रांगेत. सोसायटीचं दूध निम्म्यावर आलं. चेअरमन डोक्याला हात लावून बसले, तर बप्पा म्हणाले, "कावून रडता? कमी येतंय, पर चोख येतंय. घालाया पानी हाय कुनाकडं?"

दूध तपासायची त्यांची एक पद्धत होती, ती त्यांनी स्वतः काढली होती. सोसायटी म्हटलं की चेअरमनचं दूध आलं, पाटलाचं आलं, भावकीचं आलं. प्रत्येकाला वाटतं, आपली फॅट मुद्दाम कमी लावली. म्हणून बप्पांनी ठरवलं, आपल्याला नाव कळायलाच नको. दूध आलं की मी नमुन्याच्या बाटलीत थोडं दूध घ्यायचो आणि बाटलीवर नुसता नंबर टाकायचो. कुठला नंबर कुणाचा, ते माझ्या पॅडवर. तेवढा वेळ बप्पा स्टुलावर भिंतीकडे तोंड करून, पाठमोरे बसायचे. मी "झालं" म्हटलं की वळायचे आणि तपासायचे. पॅडच्या कागदाखाली कार्बन असायचा. वरची चिठ्ठी माझ्याकडे, खालची प्रत संध्याकाळी बप्पांकडे. ती प्रत ते न वाचता दुमडायचे, पिन मारायचे आणि चोरखिशात टाकायचे. भांडण झालं किंवा नंबर सगळ्यांसमोर फोडायची वेळ आली, तरच दोन्ही प्रती वाचायच्या, असा त्यांचा नियम होता.

मी एकदा विचारलं, "बप्पा, तुमच्या इमानदारीवर कुनाला शंका हाय? मग हा खटाटोप कशाला?"

"दुसऱ्याला नसंल," ते म्हणाले. "मला हाय."

याच पद्धतीनं त्यांनी एकदा सख्ख्या धाकट्या भावाचं दूध धरलं. नंबर फोडला तेव्हा नाव निघालं. भाऊ खाली मान घालून उभा. कुणीतरी मधे पडलं, "जाऊ द्या बप्पा, घरचा मानूस हाय." बप्पांनी कॅन उचलला आणि भावाच्या हातात परत दिला. त्या दिवाळीला भाऊ फराळाला आला नाही. मी बप्पांना म्हणालो, घरच्यावर कशाला एवढी नजर ठेवता? त्यावर ते जे बोलले ते मी पुढं कैक वेळा आठवलं.

"भास्करा, ज्याचं दूध आपल्याला प्यायचंच न्हाई, त्याचं कावून तपासायचं? संशय घ्यायचा तो आपल्याच मानसावर. परक्याला म्हनायचं हाव, बरूबर हाय, आन् चालू पडायचं."

खरंच, बाहेरचा कुणी खताचा एजंट, विम्याचा एजंट येऊन काही सांगू लागला, की बप्पा शांतपणे "हाव, बरूबर" म्हणत आणि ऐकून सोडून देत. मी मात्र "आज लई ऊन हाय" म्हटलं तरी ते उठून बाहेर जाऊन बघून येत. मला त्याचा राग यायचा. तो मान होता, हे कळायला मला फार दिवस लागले.

तर त्या दुष्काळाच्या साली, होळीच्या सुमाराला, बप्पांच्या उजव्या पायाचा अंगठा सुजला. लाल झाला, चादर लागली तरी ओरडायचे. गेवराईच्या डॉक्टरनं रक्त तपासायला सांगितलं आणि युरिक ॲसिड वाढलंय म्हणून गोळ्या लिहून दिल्या. बप्पांनी गोळ्या घेतल्या नाहीत. त्यांना सगळं एका क्षणात उमगलं होतं.

"वीस वरसं त्या फॅटच्या नळीवर ॲसिड हुंगतोय. तेच गेलं अंगात. आता बाहीर कसं काढनार? गोळीनं?"

मी सांगितलं की ते ॲसिड वेगळं, हे वेगळं. ते माझ्याकडे भावाच्या कॅनकडे बघावं तसे बघत राहिले.

मग त्यांना लॅबचा संशय आला. गेवराईला जाऊन त्यांनी पुन्हा रक्त दिलं, आणि तासाभरानं टोपी काढून, डोक्याला उपरणं गुंडाळून, लंगडत त्याच लॅबमध्ये 'सर्जेराव' या नावानं दुसऱ्यांदा रक्त दिलं. सुई टोचणारा पोरगा म्हणाला, "आजोबा, तुमी मघाशी आलतेत ना?" बप्पा म्हणाले, "तो माझा भाऊ." संध्याकाळी दोन्ही कागद घेऊन माझ्याकडे आले. एकात नऊच्या वर होतं, दुसऱ्यात नऊला जरा कमी. "बघ. सर्जेरावला कमी हाय," ते म्हणाले. पण दोघांनाही जास्तच आहे एवढं मात्र त्यांनी मान्य केलं.

आता त्यांच्या सुनेबद्दल सांगायला पाहिजे, कारण खरी गोष्ट तिचीच आहे. शुभांगी. माहेर दिंद्रुडचं. होमिओपॅथीची डॉक्टर. बप्पांचा मुलगा पुण्यात कंपनीत होता आणि तिलाही तिकडेच बोलवत होता. पण हिनं हट्टानं उमापूरच्या स्टँडसमोर एक खोली घेऊन दवाखाना टाकला. गावात बाईडॉक्टर दुसरी नव्हती. बायका दाराशी यायच्या, उंबऱ्यावर घुटमळायच्या आणि परत जायच्या. त्याचं कारण माझ्या बायकोनं मला सांगितलं. बायका म्हणत होत्या, "सख्खा सासरा घेत न्हाई हिचं औषध, मग आमी कावून घ्यावं?" गावात ज्या माणसाच्या जिभेवर सगळ्यांच्या दुधाचा निकाल ठरतो, त्याचं घरातलं औषध त्यालाच चालत नाही म्हटल्यावर दुसरं काय होणार! एकदा दवाखान्यात मी बसलो असताना ती हसत हसतच बोलली, "भास्करकाका, दसऱ्यापर्यंत बघते. न्हाई जमलं तर पाटी उतरवते आणि जाते पुण्याला." हसत होती, पण डोळे हसत नव्हते.

शेवटी तीच बप्पांकडे गेली. "मामा, मला एकदा बघू द्या."

सुनेला ते डॉक्टरीनबाई म्हणायचे. नावानं नाही, पोरी नाही, डॉक्टरीनबाई. तिनं कागद घेऊन विचारायला सुरुवात केली. तहान किती लागते, राग कशाचा येतो, झोप कोणत्या कुशीवर लागते, स्वप्नं कसली पडतात. बप्पा दुसऱ्या दिवशी केंद्रावर येऊन मला बाजूला घेऊन म्हणाले, "ही घरातली चौकशी करतीया. अंगठा पायाचा दुखतोय, आन् ही इचारती सपनात काय दिसतं!"

"मग काय सांगितलं?"

"सांगितलं, पानी दिसतं. खरं हाय ते."

तिनं दिलेली साबुदाण्याएवढ्या गोळ्यांची बाटली ते केंद्रावर घेऊन आले होते. एक गोळी कुटून त्यांनी आयोडीन टाकलं. निळं पडलं नाही. "पीठ न्हाई. नुसती साखर हाय," त्यांनी जाहीर केलं. संध्याकाळी शुभांगी केंद्रावर आली तेव्हा त्यांनी विचारलं, "ह्यात औषध कुठंय?" ती बिचारी मनापासून समजावू लागली. मूळ औषधाचा एक थेंब शंभर थेंब स्पिरिटमध्ये घालायचा, हलवायचा. मग त्यातला एक थेंब पुन्हा शंभरात. मग त्यातला एक पुन्हा शंभरात. असं पुष्कळदा.

बप्पांनी टोपी काढली. इतक्या वर्षांत मी त्यांना केंद्रावर टोपी काढताना बघितलं नव्हतं.

"डॉक्टरीनबाई, पान्यात पानी. आमी तर हेच धरतो."

केंद्रावर दूध घालायला आलेली सगळी माणसं खो खो हसली. तिचा चेहरा पडला. पण ती दिंद्रुडची होती, पडल्या चेहऱ्यानंच म्हणाली, "मग तपासा की मामा. बिनतपासता दूध तरी परत करता का तुमी?"

बप्पांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. हा मुद्दा त्यांना पटला होता. मला वाटतं, त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी सुनेकडे नीट डोळे बारीक करून बघितलं.

ठरलं ते असं. शुभांगीनं दोन बाटल्या करायच्या. एकीत औषधाच्या गोळ्या, दुसरीत नुसत्या साखरेच्या, पण त्यांनाही साधं स्पिरिट लावलेलं, म्हणजे वासानं कळायला नको. औषधाच्या बाटलीला लाल दोरा बांधायचा आणि दोन्ही माझ्या हातात द्यायच्या. मी त्या दुधाच्या नमुन्याच्या बाटल्यांत ओतायच्या, वर नंबर टाकायचा आणि कुठल्या नंबरात काय, ते चिठ्ठीवर लिहून लाखेनं बंद करून ठेवायचं. शुभांगीला नंबर माहीत नाही, बप्पांना औषध माहीत नाही. एक बाटली चाळीस दिवस, मग रक्त. दुसरी चाळीस दिवस, मग रक्त. त्यानंतर चिठ्ठी केंद्रावर, सकाळच्या दुधाच्या वेळेला, सगळ्यांसमोर फोडायची.

शुभांगीनं एक अट घातली. "मधे लई दुखलं तर गेवराईच्या डॉक्टरांची गोळी घ्यायची. दुखणं अंगावर काढायचं न्हाई. आणि पाणी भरपूर प्यायचं."

"टँकरचं?" बप्पांनी विचारलं, आणि विषय तिथंच संपला. टँकरचं पाणी कुठल्या विहिरीतून येतं याचा शोध घेतल्याशिवाय ते पीत नसत, आणि शोध कधी संपत नसे. दिवसभरात तांब्याभर पाण्यावर भागवत.

मी बाटल्या भरल्या. नंबर टाकले, बेचाळीस आणि सतरा. बप्पा नेहमीसारखे स्टुलावर, भिंतीकडे तोंड करून. मी पॅड ओढलं, 'बेचाळीस, औषध. सतरा, साधी' असं लिहिलं, चिठ्ठी फाडली, पाकिटात घालून लाख लावली आणि म्हणालो, "झालं."

बप्पांनी आधी बेचाळीस उचलली.

ते चैत्र-वैशाखाचे दिवस होते. बप्पा इमानानं दिवसातून चार वेळा गोळ्या घ्यायचे, घड्याळ लावून. कांदा सोडला, लसूण सोडला, चहासुद्धा सोडला. गाव बघत होतं. मीही बघत होतो, आणि माझं बघणं जास्त अवघड होतं, कारण बेचाळीस नंबरात काय आहे ते एकट्या मला माहीत होतं. तिसाव्या दिवशी अंगठा पुन्हा सुजला. पहिल्यापेक्षा जास्त. गेवराईची गोळी घ्यावी लागली. चाळिसाव्या दिवशी रक्तातलं ॲसिड आणखी वर गेलेलं. शुभांगीनं कागद बघितला आणि माझ्याकडे बघितलं. तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पण तिचे ते डोळे बघून मी त्याच वेळी मनात ठरवलं, की चिठ्ठी फोडायच्या दिवशी मी उलटं वाचणार.

मी काही लबाड माणूस नाही. बारा वर्षांत एका थेंबाची लबाडी केली नव्हती. पण मला वाटलं, एका पोरीचा दवाखाना टिकत असेल तर दोन शब्दांची अदलाबदल कुणाला मारते?

त्यानंतर सतरा नंबर. तोवर पाऊस झाला होता, बप्पांच्या आडाला पाणी आलं होतं. घरच्या आडाचं पाणी म्हटल्यावर त्यांचा संशय मिटला आणि ते घटाघटा प्यायला लागले. अंगठा शांत झाला. चाळीस दिवसांनी रक्तातलं ॲसिड चांगलंच उतरलेलं. माझं काम आणखी सोपं झालं.

चिठ्ठी फोडायच्या सकाळी केंद्रावर नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. चेअरमन होते, बप्पांचा भाऊ होता, बायकाही कॅन घेऊन कडेला उभ्या होत्या. शुभांगी पदर खोचून भिंतीशी. बप्पांनी दोन्ही रक्ताचे कागद वाचून दाखवले. बेचाळिसाला वाढलं, सतराला उतरलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "फोड."

मी लाख फोडली, चिठ्ठी उघडली आणि मोठ्यानं वाचलं, "सतरा, औषध. बेचाळीस, साधी." चिठ्ठी दुमडून खिशात घातली. बायकांत कुजबूज झाली. चेअरमननी टाळी वाजवली. शुभांगीनं डोळे मिटून घेतले.

बप्पांनी चोरखिशात हात घातला आणि पिन मारलेली एक घडी काढली.

तेव्हा मला आठवलं. बारा वर्षं नंबर म्हटलं की माझा हात त्याच पॅडकडे जायचा. त्या दिवशीही गेला होता. खाली कार्बन होता. संध्याकाळी खालची प्रत नेहमीच्या प्रतींसोबत मीच त्यांच्या हातात दिली होती आणि विसरून गेलो होतो. त्यांनी ती नेहमीसारखी न वाचता दुमडली, पिन मारली आणि ऐंशी दिवस सांभाळली. ऐंशी दिवस ते उत्तर त्यांच्या छातीशी होतं आणि त्यांनी पिन काढली नव्हती.

मला आजही वाटतं, ती घडी त्यांनी मला धरायला काढली नव्हती. दोन्ही प्रती वाचायच्या, हा नियम होता एवढंच. त्यांचा चेहरा अगदी मोकळा होता. माझ्या वाचण्यावर आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी संशय घेतलेला नव्हता, आणि नेमका तेव्हाच मी खोटं वाचलं होतं.

"डॉक्टरीनबाई," ते म्हणाले, "ही दुसरी प्रत. तूच वाच."

तिनं पिन काढली. कागद उघडला. बघितलं. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि मी काय केलंय आणि कुणासाठी केलंय, हे तिला कळलं. तिनं मी वाचलं तसंच वाचलं असतं, तर त्या कागदाकडे पुन्हा कुणी बघितलं नसतं. तिचा दवाखाना, तिची पाटी, सगळं तिच्या जिभेवर होतं. मी मनात म्हणत होतो, वाच पोरी, माझ्यासारखंच वाच.

"बेचाळीस, औषध," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू गेलं. "सतरा, साधी. भास्करकाकांची वाचताना चूक झाली असंल."

ती पुढं बोलली. "मामा, माझ्या औषधानं तुमचं ॲसिड उतरलं न्हाई. साखरेच्या गोळ्यांनीबी उतरलं न्हाई. पाण्यानं उतरलं असंल थोडं, पहिल्या खेपेला तुमी पाणीच पीत नव्हता. पण तेवढ्यानं भागत न्हाई. उद्या मी तुमाला बीडला नेते, मोठ्या डॉक्टरांकडं. ते जी गोळी देतील ती रोज घ्यायची. आणि गावात कुणाचा सांधा असा सुजला, तर माझ्याकडं थांबू नका, आधी तिकडं जा. मी सोबत येते."

बप्पा तिच्याकडे डोळे बारीक करून बघत राहिले. मग त्यांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या घड्या हळूहळू सुटल्या. मी त्या सुटलेल्या पहिल्यांदा बघितल्या. सगळ्या केंद्राकडे वळून ते म्हणाले, "गोळीत नुसतं पानी निघालं. पर माझ्या ह्या पोरीत पान्याचा थेंब न्हाई."

पोरी म्हणाले. डॉक्टरीनबाई नाही.

पाटी उतरली नाही. दसऱ्याला नाही, पुढच्या दसऱ्यालाही नाही. बायका यायला लागल्या, सल्ला विचारायला, दुसऱ्या डॉक्टरचा कागद दाखवायला, कुठं जाऊ म्हणून विचारायला. जी बाई स्वतःच्या औषधाचा निकाल स्वतः वाचते, ती आपल्याला फसवणार नाही, असं त्यांनी ठरवलं असावं. माझ्या खोट्याची कुणालाच गरज नव्हती.

बप्पा मला एका शब्दानं बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर मी पाय धरले असते. संध्याकाळी दुधाची वेळ झाली, मी पॅड घेतलं, ते भिंतीकडे तोंड करून बसले. मी मुद्दाम म्हणालो, "बप्पा, आज दूध कमी वाटतंय."

"हाव," ते म्हणाले. "बरूबर हाय."

कॅन मोजायला उठले नाहीत.

त्या दिवसापासून हेच. मी म्हणायचो ऊन लई आहे, ते म्हणायचे हाव. मी म्हणायचो यंत्र बिघडलंय, ते म्हणायचे बरूबर. माझ्या घरच्या म्हशीचं दूध नंबराच्या बाटलीतून इतरांसारखंच तपासलं जायचं, पण पूर्वी नाव कळल्यावर ते मला दाखवून पुन्हा एक थेंब नखावर ठेवायचे, ते बंद झालं. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असेल, म्हातारा निवळला. मला मात्र जेवण जाईना. बायको म्हणाली, "माफी मागा की." मी गेलो, मागितली. त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाले, "हाव, बरूबर हाय." खताच्या एजंटाला म्हणायचे तसंच.

चार वर्षं अशी गेली. पुढं केंद्रावर दूध तपासायचं विजेवरचं मशीन आलं. बप्पा घरी बसले. बीडची गोळी नेमानं चालू होती. तिचीही अर्धी फोडून ते आधी जिभेवर लावून बघत, पण घेत. अंगठा पुन्हा सुजला नाही. मग एका थंडीत छातीनं धरलं आणि ते बाजेवरून उठेनासे झाले.

माझी म्हैस नुकतीच व्यालेली होती. एका सकाळी मी चरवी घेऊन त्यांच्याकडे गेलो. ते लिंबाखाली बाजेवर, अंगावर वाकळ. शुभांगी दवाखान्याला निघाली होती. मी चरवी ठेवली आणि म्हणालो, "बप्पा, घरचं दूध हाय. आत्ताच काढलंय."

मी 'हाव' ऐकायची तयारी केली होती.

त्यांनी चरवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या मागं कोण आहे का ते बघितलं. डोळे बारीक झाले.

"आत्ताच?" ते म्हणाले. "मग कोंबट कावून न्हाई?"

मी म्हणालो, थंडी आहे, वाटेत निवलं. त्यांनी वाकळीतून हात काढून चरवीत बोट बुडवलं, अंगठ्याच्या नखावर थेंब ठेवला आणि उजेडाकडे धरला. हात थरथरत होता, थेंब ओघळला.

"भास्करा, पानी हाय ह्यात."

"न्हाई बप्पा, आईशप्पथ!"

"शपथ कशाला घेतो बे? लॅक्टोमीटर आन."

मी पळत सुटलो. पन्नाशीतला माणूस, धोतराचा सोगा हातात धरून, स्टँडवरून केंद्राकडे पळतोय आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय, हे बघून लोकांना वाटलं, बप्पा गेले. दवाखान्याच्या दारातून शुभांगी ओरडली, "काका, काय झालं?" मी पळता पळता सांगितलं, "माझ्यावर संशय आलाय!"

लॅक्टोमीटर आणला, लावला. दूध चोख निघालं. बप्पांनी पुन्हा लावायला लावला. पुन्हा चोख. मग ते मान हलवून म्हणाले, "आजचं ठीक हाय. उद्याचं काय सांगावं? उद्या आन. रोज बघाया लागंल."

मी रोज नेलं. सव्वा महिना. शेवटी शेवटी ते दूध पिऊ शकत नव्हते, शुभांगी चमच्यानं ओठाला लावायची. शेवटच्या सकाळी त्यांना डोळे उघडायलाही जड जात होतं. मी म्हणालो, "बप्पा, दूध आणलंय, चोख हाय." वाकळ हलली आणि डाव्या हाताचा अंगठा बाहेर आला. मी त्यावर थेंब ठेवला, हात धरून उजेडाकडे केला, आणि बप्पांनी एक डोळा उघडून तो नीट बघितला.